बडे बाबू आणि एकशे अठराचा खडा

माझ्या गोष्टींतले आकडे थोडे चढे असतात, हे माझी बायको लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आली आहे. मी सहा फुटी साप म्हटला की तीन फूट धरायचा, वीस पुरणपोळ्या म्हटल्या की आठ. भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीत संध्याकाळी बाकावर बसणारी मंडळी तर माझं बोलणं ऐकता ऐकताच मनात वजाबाकी करून टाकतात. वाचकांनीही खुशाल करावी. फक्त या गोष्टीत दोन आकडे असे आहेत की त्यांना हात लावायचा नाही. एक म्हणजे एकशे अठरा. दुसरा एक पूर्णांक एक. हे दोन्ही मी जसेच्या तसे देतो आहे, कारण पहिल्याने मला पकडलं आणि दुसऱ्याने असा हादरा दिला की तो अजून पुरता उतरलेला नाही.

मी वझलवार. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा तिच्या फायली हलल्या आणि फायलींबरोबर माझे वडील. मी इथेच वाढलो, इथेच नोकरीला लागलो. वझलवार हे नाव इथल्या जिभेला झेपत नाही, त्यामुळे कारखान्यात पहिल्याच आठवड्यात माझा ‘वजनदार साब’ झाला आणि पुढे माझ्या पोटाने त्या नावाची लाज राखली. कारखाना होता सलाईनच्या बाटल्यांचा, शहराबाहेर. नाव सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही वाईट नाही, वाईट जे काही आहे ते माझ्याबद्दलच आहे.

लोक विचारायचे, काय काम करता? मी म्हणायचो, ताप बघतो. “डॉक्टर?” “हो, यंत्रांचा.” आणि हे अगदीच खोटं नव्हतं. हा ताप मोजतो तो सेन्सर, म्हणजे पेन्सिलीएवढी स्टीलची नळी. तिच्या टोकात प्लॅटिनमची केसापेक्षा बारीक तार. तार तापली की विजेला जास्त अडवते, निवली की कमी. किती अडवते ते मोजायचं आणि त्यावरून तापमान सांगायचं. बस, एवढ्या विद्येवर मी चौतीस वर्षं पगार घेतला.

हा सेन्सर दोन तऱ्हांनी बिघडतो. एक म्हणजे तार तुटते. हा प्रामाणिक बिघाड. पॅनेलवरचा आकडा एकदम आभाळाला भिडतो, भोंगा वाजतो, सगळे धावतात. दुसरा बिघाड लबाड. तार तुटत नाही, नुसती बदलते. मग ती एकशे वीस असताना एकशे एकवीस सांगते. आवाज तोच, ऐट तीच, भोंगा नाही. याला आम्ही ड्रिफ्ट म्हणतो. पोट सुटतं ना, तसं. रोज आरशात बघणाऱ्याला कळत नाही, वर्षाने येणारा पाहुणा मात्र दारातच ओरडतो.

आमच्याकडे हा पाहुणा होता. त्याचं नाव बडे बाबू. म्हणजे प्रयोगशाळेतून दर वर्षी प्रमाणपत्र घेऊन येणारा एक अस्सल सेन्सर, लांब दांड्याचा, लाल मखमलीच्या पेटीत झोपणारा. सहा महिन्यांतून एकदा कारखान्यातला प्रत्येक सेन्सर उपटायचा, बडे बाबूंच्या शेजारी एकाच तापलेल्या ठोकळ्यात खुपसायचा आणि दोघांना विचारायचं, बोला, किती? बडे बाबू सांगतील ते खरं. दुसऱ्याचं चुकलं की त्याच्या आकड्यात तेवढी दुरुस्ती भरायची. सरकारी कचेरीत जसं बडे बाबूंच्या सहीशिवाय पान हलत नाही, तसंच आमचं.

आता इथे एक आडवळण घेतो, पण ते गोष्टीच्याच गावाला जातं. जवाहर चौकात एक जिलेबीवाला होता, हरिशंकर. तेलाचं तापमान बोटाच्या अंदाजाने बघायचा. मी त्याला हौसेने एक डिजिटल थर्मामीटर आणून दिला. तिसऱ्या दिवशी स्वारी स्कूटरवरून थेट माझ्या घरी. हातात थर्मामीटर, चेहरा फसवल्यासारखा.

“वजनदार साब, आपका मीटर खोटा है. उबलते पानी में डाला तो अट्ठानवे बता रहा है. सौ होना चाहिए कि नहीं?”

मी त्याला बसवून समजावलं, की पाणी शंभरला उकळतं ते समुद्रकाठी. भोपाळ उंचावर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून इथलं पाणी अठ्ठ्याण्णवच्या जरा वर गेलं की उकळतं. त्याने डोकं खाजवलं.

“मतलब अपने भोपाल का पानी दो डिग्री पहले ही हाथ ऊपर कर देता है?”

“असंच समज.”

त्या दिवसापासून हरिशंकर रोज सकाळी आधी पाणी उकळायचा, त्यात थर्मामीटर बुडवायचा, अठ्ठ्याण्णव दिसलं की मगच तो तेलात. मी ही गोष्ट वीस वर्षं लोकांना हसून हसून सांगितली. बघा, जिलेबीवाला रोज मीटरची परीक्षा घेतो! लोकही हसायचे. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं: काहीच नव्हतं.

तर आता खंडेनवमी. आमच्या कारखान्यात सगळे विश्वकर्म्याची पूजा करत, पण माझ्या इन्स्ट्रुमेंट रूममध्ये त्याच्या वर खंडेनवमीही व्हायची. माझे वडील ऑफिसातल्या टाइपरायटरला फूल वाहायचे, मी तो रिवाज पुढे चालवला. टेबलावर पाट, पाटावर लाल कापड, कापडावर नटबोल्टचे पाने, पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर, मीटर आणि सगळ्यांच्या मध्ये पेटीतून बाहेर काढलेले बडे बाबू, हळदकुंकू लावून. प्रसादाला यायचा गेंदालाल.

गेंदालाल हा दोन नंबरच्या ऑटोक्लेव्हचा ऑपरेटर. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा प्रेशर कुकर. भरलेल्या बाटल्या ट्रॉल्यांवरून आत ढकलायच्या, दार लावायचं, वाफ सोडायची आणि एकशे एकवीस अंशांवर ठरलेला वेळ धरून ठेवायचं, म्हणजे आतला एकूण एक जंतू मरतो. ती बाटली पुढे कोणाच्या तरी शिरेत जाणार असते. गेंदालाल विदिशाकडचा, माझ्याच वयाचा, बोलायला कमी, होकाराचं ‘हओ’ म्हणायला पुढे. रोज सकाळी ड्यूटीवर आला की ऑटोक्लेव्हच्या अंगातून बाहेर आलेल्या सेन्सरच्या डोक्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला. जाताना पुन्हा. मी एकदा विचारलं, हे काय? म्हणाला, “साब, अंदर क्या हो रहा है, इसी को दिखता है. अपन को थोडी.”

त्या वर्षी नारळ मी फोडला. टेबलाला पक्का बसवलेला, वस्तू आवळून धरायचा लोखंडी वाइस होता, त्यावर एका घावात. माझी ख्याती होती तशी. असा आवाज झाला की मोठ्या तलावावरची बदकं उडाली असतील. टेबल हादरलं, दोन पेचकस खाली पडले, उदबत्तीचं घर लोळलं, नारळाचं पाणी माझ्या शर्टावर. आम्ही दोघं हसलो, खोबरं खाल्लं आणि कामाला लागलो.

पुढच्या आठवड्यात सहामाही कॅलिब्रेशन होतं. मी ऑटोक्लेव्हचे सगळे सेन्सर उपटले, बडे बाबूंच्या शेजारी बसवले. नवल म्हणजे त्या खेपेला सगळेच सेन्सर कमी दाखवत होते. साधारण सारखेच कमी. मी म्हटलं, म्हातारे झालेत बिचारे. प्रत्येकात दुरुस्ती भरली, सही केली. डझनभर सेन्सर एकाच दिवशी सारखेच कसे म्हातारे होतील, हा प्रश्न शाळेतल्या मुलालाही पडला असता. मला नाही पडला. बडे बाबू सांगताहेत ना!

त्यानंतर दहाएक दिवसांनी नवा सेन्सर आला. कंपनीने चाचणीसाठी एकच मागवला होता आणि तो दोन नंबरला बसवायचं ठरलं. हा सेन्सर स्वतःची परीक्षा स्वतःच घेतो, असं त्याच्या पुस्तकात लिहिलं होतं. मी मोठ्याने हसलो. पण युक्ती बघा. नळीच्या टोकात प्लॅटिनमच्या तारेशेजारी एका खास पदार्थाचा बारीक खडा बसवलेला. त्या खड्याचा विजेचा स्वभाव बरोबर एकशे अठरा अंशांना पालटतो. एकशे सतराला नाही, एकशे एकोणीसला नाही. तो त्याच्या जातीचाच गुण आहे, त्याला वय नाही, त्याला ड्रिफ्ट नाही. प्रत्येक घाणा संपून ऑटोक्लेव्ह थंड होऊ लागला की तापमान एकशे एकवीसवरून खाली येताना एकशे अठरावरून जाणारच. त्या क्षणी खडा कूस बदलतो आणि सेन्सर आपल्याच तारेला विचारतो, आत्ता किती? तारेने एकशे अठरा सांगितलं तर हिरवा दिवा. वेगळंच काही सांगितलं तर लाल. दर घाण्याला परीक्षा, उपटायची गरज नाही, बडे बाबूंची गरज नाही. वाचून माझा जीव जळला, खोटं कशाला सांगू.

पहिल्याच घाण्याला भांडण लागलं. पॅनेलवरचे जुने सेन्सर म्हणतात एकशे एकवीस, नवा म्हणतो एकशे एकोणीस पूर्णांक नऊ. आणि थंड होताना त्याने स्वतःला हिरवा दिवा दिला! म्हणजे कारखान्यातले सगळे खोटे आणि हे परवा आलेलं पोर खरं. मी त्याला उपटला, बडे बाबूंसमोर उभा केला. बडे बाबूंनी निकाल दिला: एक पूर्णांक एक कमी. मी तेवढी दुरुस्ती त्याच्यात भरली आणि परत बसवला. आता सगळे एकमताने एकशे एकवीस म्हणू लागले. पण घाणा थंड झाला आणि लाल दिवा. दुसरा घाणा, लाल. तिसरा, लाल. ते यंत्र दर घाण्याला कळवळून सांगत होतं की तुम्ही मला खोटं बोलायला लावताय, आणि मी दर घाण्याला बटण दाबून तो दिवा विझवत होतो.

शेवटी विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडचा इंजिनीअर म्हणाला, “सर, खडा चुकत नाही. सेन्सर त्याच्या भोकात पूर्ण बसलाय का बघा. कोणी हात तर लावत नाही ना?”

हात! मी कॅमेऱ्याचं चित्रण काढलं. आणि दिसलं काय? रोज सकाळी गेंदालाल सेन्सरला हात लावतोय. रोज संध्याकाळी पुन्हा. मला ठाऊक होतं तो हात कशासाठी आहे. शपथेवर सांगतो, ठाऊक होतं. पण माणसाला एकदा स्वतःचं यंत्र खरं ठरवायचं असलं की डोळ्यांवर पडदा येतो. मी मॅनेजर सक्सेना साहेबांना अहवाल दिला आणि त्यात हे वाक्य लिहिलं: ‘ऑपरेटर द्वारा सेंसर से छेड़छाड़ की संभावना से इनकार नहीं किया जा सकता.’ असं वाक्य लिहायला फार मऊ असतं. आरोप केला असंही नाही आणि सोडला असंही नाही.

औषधाच्या कारखान्यात सेन्सरशी छेडछाड म्हणजे नोकरी गेली. गेंदालालला नोटीस मिळाली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, चौकशी महिन्याभराने. त्याला ऑटोक्लेव्हवरून काढून गोदामात बसवलं. नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीत आला, दारातच उभा राहिला.

“साब, आपको तो मालूम है, अपन ने कुछ नहीं किया.”

“गेंदालाल, मेरे मालूम होने से क्या होता है? मीटर बोल रहा है.”

तो टेबलाकडे बघत होता. बडे बाबूंच्या पेटीकडे. मग वाइसकडे. मग माझ्याकडे.

“हओ,” म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, चला, बरं झालं, वाद नाही घातला.

चौकशीला मोठ्या खोलीत सहा खुर्च्या. सक्सेना साहेब मध्ये, मी तज्ज्ञ म्हणून त्यांच्या उजवीकडे, समोर गेंदालाल. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, वरचं बटणही लावलेलं. सक्सेना साहेबांनी चित्रण दाखवलं.

“सेंसर को हाथ लगाते हो?”

“हओ साब. नमस्कार करते हैं.”

एकदोघे हसले. साहेब नाही हसले.

“खींचा? घुमाया? ढीला किया?”

“ना साब.”

“कभी किसी भी नापने के यंत्र को हाथ में उठाया है? सोच के बताओ, लिखा जा रहा है.”

इथे गेंदालाल थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, घड्याळात बघतो तेवढंच.

“एक बार उठाया है साब.”

खोलीत खुर्च्या करकरल्या. “कब? कौन सा?”

“वो नहीं बता सकते. जबान दी है.”

“किसको?”

“वो भी नहीं बता सकते.”

लिहिणाऱ्याने पेन टेकवलं. सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव: झालं, कबूल केलं. सक्सेना साहेबांनी कागद सही करायला पुढे सरकवला.

आणि वाचकहो, मला त्या क्षणी अंगावर ऑटोक्लेव्हचं दार उघडल्यासारखं झालं. कारण खंडेनवमीची हकीकत सांगताना मघाशी मी तुमच्यापासून एक वस्तू चोरली. नारळाच्या घावाने फक्त पेचकस नव्हते पडले. बडे बाबू पाटावरून गडगडत टेबलाच्या कडेला गेले आणि दांड्यासकट फरशीवर आपटले, टोकावर. टण्ण असा आवाज आला. गेंदालालने धावत जाऊन उचलले, धोतराच्या सोग्याने पुसतात तसे स्वतःच्या रुमालाने पुसले आणि माझ्या हातात दिले. मी बडे बाबूंना मीटरला जोडून बघितलं, आकडा येत होता, तार शाबूत होती. मी म्हणालो, “चालू है, कुछ नहीं हुआ. और सुनो, किसी को बोलना मत. पूजा में गिरना अपशकुन होता है, पूजा बंद करवा देंगे.” तो म्हणाला, हओ. मी खोबरं खाल्लं आणि विसरलो. अक्षरशः विसरलो. पण तो विसरला नव्हता. महिनाभर आपल्या मानेवर सुरी आलेली दिसत असताना त्याला ठाऊक होतं की दोष कुठे असू शकतो, आणि मी बोलू नको म्हटलं होतं म्हणून तो बोलला नव्हता. मी आपोआप बोलेन, एवढीच वाट बघत होता.

प्लॅटिनमची तार आपटली की ती तुटतेच असं नाही. ताणली जाते, विजेला जरा जास्त अडवू लागते आणि कायमचं चढं सांगू लागते. हे मी दर वर्षी नव्या लोकांना शिकवत होतो. मी!

“साब, सही से पहले बर्फ मंगवाइए,” मी म्हणालो.

“बर्फ?”

बर्फाची गोष्ट अशी. शुद्ध पाण्याचा बर्फ कुटून थर्मासमध्ये भरायचा, त्यात थोडं तेच पाणी, आणि त्यात सेन्सर. पंधरा मिनिटांनी शून्य दिसलं पाहिजे. बडे बाबूंना बाहेर काढण्याआधी दर वेळी ही तपासणी करायची, असा नियम आहे. घरच्या स्वयंपाकघरातही जमेल इतकी सोपी. जगातलं सगळ्यांत शुद्ध पाणी आमच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत बर्फाचं यंत्र, दोन मिनिटांच्या अंतरावर.

थर्मास आला. मी बडे बाबूंना त्यात सोडलं. सगळे उठून टेबलाभोवती जमले, गेंदालाल सोडून. तो बसून राहिला. दोन पूर्णांक काही, दीड, एक पूर्णांक तीन, असा आकडा उतरत गेला आणि एक पूर्णांक एकवर थांबला. मी थर्मास हलवला. एक पूर्णांक एक. नवा बर्फ मागवला. एक पूर्णांक एक. वितळणाऱ्या बर्फात बसून बडे बाबू ऐटीत सांगत होते, इथे डिग्रीभराहून जास्त गरमी आहे.

मी थर्मास खाली ठेवला. कारण पुढचा हिशेब मला कोणी सांगायची गरज नव्हती. बडे बाबू चढे, म्हणून मी सगळ्या सेन्सरना चढं बोलायला शिकवलं. पॅनेल एकशे एकवीस म्हणत होतं तेव्हा आत एकशे वीससुद्धा नव्हते. दसऱ्यानंतरचा प्रत्येक घाणा. प्रत्येक बाटली. आणि अख्ख्या कारखान्यात खरं बोलणारे दोघेच होते: एक नवा सेन्सर, ज्याला मी खोटं बोलायला लावलं, आणि एक गेंदालाल, ज्याला मी गप्प बसवलं.

सक्सेना साहेब इतके पांढरे पडले की त्यांच्या मिशा एकदम काळ्याभोर दिसू लागल्या. म्हणाले, “बर्फ की जांच का रजिस्टर लाओ.” रजिस्टर आलं. सहामाहीच्या पानावर माझ्या अक्षरात होतं: बर्फ तपासणी, शून्य, ठीक. मागची पानं उलटली. शून्य, ठीक. शून्य, ठीक. सगळं एकाच झोकात, एकाच वळणाचं. किती वर्षं मी बर्फाला हात न लावता ‘ठीक’ लिहीत होतो, मला खरंच आठवत नव्हतं. हरिशंकर रोज सकाळी पाणी उकळत होता.

मी उभा राहिलो आणि सांगितलं, बडे बाबू पूजेत पडले होते, माझ्या नारळाने, माझ्या लक्षात राहिलं नाही, बर्फाची तपासणी मी केलेली नाही, दोष माझा. गेंदालालने पडलेला सेन्सर फक्त उचलला. हे सगळं खरं होतं. मग सक्सेना साहेब गेंदालालकडे वळले.

“तो यही था? अरे भले आदमी, जबान किसको दी थी?”

गेंदालालने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. आणि मी, वजनदार साब, म्हणालो, “भगवान को दी होगी साब, पूजा जो थी.”

सगळे हसले. इतका वेळ कोंडलेला श्वास होता, हसू भडकन बाहेर आलं. गेंदालालही हसला. म्हणाला, “हओ.”

तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

त्यानंतरचे दिवस मी वाढवून सांगणार नाही, वाढवायला जागाच नाही. गोदामातल्या बाटल्या अडवल्या, बाहेर गेलेल्या परत बोलावल्या. प्रयोगशाळेने नमुने तपासले. ते स्वच्छ निघाले, कारण वाफेत ठेवण्याचा वेळ आम्ही सुदैवाने जास्तीचा ठेवत होतो. तरीही सगळा माल नष्ट केला. मला लेखी ताकीद मिळाली, जी मी अजून जपून ठेवली आहे. नव्या सेन्सरमधली माझी दुरुस्ती मी स्वतःच्या हाताने पुसली आणि पहिल्याच घाण्याला एकशे अठरावर हिरवा दिवा लागला. मी त्या पॅनेलसमोर उभा होतो. चौतीस वर्षांत मला कोणत्या यंत्रासमोर मान खाली घालावीशी वाटली नव्हती. गेंदालाल परत दोन नंबरला आला. सकाळी त्याने सेन्सरच्या डोक्याला हात लावला, कपाळाला लावला आणि कॅमेऱ्याकडे बघून त्यालाही नमस्कार केला.

दोन वर्षांनी तो सन्मानाने निवृत्त झाला, गावी गेला. मीही झालो. मागे बायकोला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा मी तिच्या शेजारी बसून सलाईनच्या थेंबांकडे नाही, बाटलीवरच्या तारखेकडे बघत होतो. ती म्हणाली, “एवढं काय बघताय?” मी म्हटलं, “काही नाही, ठीक आहे.” हा शब्द तोंडातून निघाला आणि मी दचकलो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा वाटलं, आधी गेंदालालला विचारावं. फोन केला. मागे पाण्याच्या पंपाचा आवाज येत होता.

“गेंदालालभाई, ती सगळी हकीकत दिवाळी अंकात लिहितोय. नारियल, बडे बाबू, चौकशी.”

“हओ साब, लिखिए.”

“आणि मी तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं, तेही लिहितोय. जबान मला दिली होती, देवाला नाही.”

पलीकडे कोणीतरी पंप बंद केला.

“वो भी छपेगा?”

“छपेगा.”

“तो साब,” तो हळूच म्हणाला, “अब घरवाली को बता दूँ?”

मला आधी कळलंच नाही. मग तो सांगू लागला. नोटीस आली त्या दिवसांत ती रोज विचारायची, तुम्ही काही केलं नाही ना, मग बोलत का नाही? सुटका झाली तरी तिचं मन फिरलं नाही. सणावाराला अजून विचारते, खरं सांगा, तेव्हा गप्प का बसलात, काही तरी होतंच ना? आणि हा म्हणतो, कुछ नहीं, बस ऐसे ही. इतकी वर्षं तो रोज रात्री मनात थोडा संशय असलेल्या बाईने वाढलेल्या ताटावर जेवत होता, आणि मी इकडे बाकावर बसून नारळाची गोष्ट बदकं उडवत सांगत होतो.

“बता दीजिए,” मी म्हणालो. “आत्ताच सांगा.”

फोन ठेवायचं त्याला सुचलंच नाही. फोन तसाच हातात धरून तो दारापर्यंत चालत गेला असावा, कारण मला चपलांचा आवाज आला, आणि मग त्याची हाक, चौतीस वर्षांत मी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती एवढी मोठी:

“अरी सुनती हो! इधर तो आओ!”